बॉम जेझूच्या उघड्या भिंती

वेंगुर्ला

चि. मनवा हिस अनेक आशीर्वाद.

जुन्या गोव्यातलं से कॅथेड्रल पांढरंशुभ्र, मग समोरचं बॉम जेझू लाल, उघड्या दगडाचं का, असं तू विचारलंस. बांधणाऱ्यांनी ते तसं ठेवलं नव्हतं.

जेझुइटांनी १५९४ मध्ये बांधकाम काढलं, १६०५ मध्ये चर्चचं पवित्रीकरण झालं. भिंती जांभ्याच्या, तुझ्या आजोळच्या घरासारख्याच. जांभा खाणीत मऊ, वाऱ्यावर कडक होतो. पण अंगभर छिद्रं. त्यात बारीक नक्षी धरत नाही, म्हणून दर्शनी भागाच्या कोरीव कामासाठी काळा दगड थेट वसईहून आणला. वर शिखरापाशी कोरलेली आय.एच.एस. ही जेझुइटांची मुद्रा नीट बघ. आणि जांभ्यात पाणी मुरू नये म्हणून भिंतींना चुन्याचा गिलावा केला. तो गिलावा १९५० च्या दशकात, पोर्तुगीज अमलातच, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून काढून टाकला. तेव्हापासून वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस ह्या भिंती उघड्या अंगावर झेलताहेत.

आत काय आहे ते ऐकलंस की काळजी कळेल. मुख्य वेदी लाकडी, सोन्याच्या मुलाम्याने झळाळणारी. खाली बाल येशू, वर नजर लावून उभे संत इग्नेशियस. बाजूला संत फ्रान्सिस झेवियर यांची समाधी. चांदीची पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्याखालचा संगमरवरी चौथरा मात्र तुझ्या फ्लॉरेन्सचा! टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो याने तो भेट दिला, शिल्पकार फोजिनीने घडवला, आणि १६९८ मध्ये तो इथे उभा राहिला. त्यावर संतांच्या आयुष्यातले प्रसंग ब्राँझमध्ये आहेत. फोजिनीचंच काम तिथल्या कार्मिने चर्चमधल्या कोर्सिनी चॅपेलमध्ये आहे, जाऊन ये.

गिलावा पुन्हा चढवावा, असं मला मनापासून वाटतं. लोकांना लाल रंगाची सवय झाली आहे, त्यांना तो देखणा वाटतो, हे मी समजू शकतो. पण चुना म्हणजे इथे रंगरंगोटी नव्हे, तो बांधकामाचाच भाग होता. तू संवर्धन शिकते आहेस. उद्या एखादी जुनी भिंत तुझ्या हाती आली, तर ती कशाची आहे आणि तिच्यावर किती पाऊस पडतो, हे आधी विचार. ती कशी दिसावी हे त्यानंतर.

तुझा,
मामा