अंजनवेलमध्ये नेट गंडतं तेव्हा...

‘‘हॅलो... आवाज येतोय का? हॅलो? मी दिसतोय का?’’

कोकणातल्या गावी पहिल्या सकाळी जाग कोकिळेच्या आवाजाने यावी, असा एक रिवाज आहे. मला जाग आली ती या वाक्याने. आतेभाऊ मागच्या पडवीत लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून, आरतीचं ताट ओवाळावं तसा रेंज शोधत फिरत होता. समोर पुण्याचं ऑफिस, मागे फणसाचं झाड आणि मध्ये गोल गोल फिरणारं ते चक्र!

दादा २०२० च्या लॉकडाऊनमध्ये अंजनवेलला आला आणि परत गेलाच नाही. आत्याचे गुडघे, हापूसची कलमं, लेकीची शाळा... सगळं जमून गेलं. पण या मे महिन्यात क्लायंटसमोर कॉल तिसऱ्यांदा तुटला आणि मॅनेजरने गोड शब्दांत मुदत दिली. जूनअखेरपर्यंत नेट सुधारा, नाहीतर पुण्यात या. वहिनी रात्री मोबाइलवर कोथरूडमधली भाडी बघायची. आत्या ते बघत नाहीये असं दाखवायची. मी आठ दिवस आंबे खायला गेले होते. पण फ्रीलान्सरचं ऑफिस म्हणजे घरचं वायफायच, त्यामुळे या आजाराचा मला चांगलाच अनुभव. म्हटलं, बघू तरी!

आधी गाव सांगते. गुहागर तालुक्यात, वाशिष्ठी जिथे समुद्राला मिळते तिथे दक्षिणेच्या काठावर अंजनवेल. पलीकडे दाभोळ. खाडीच्या तोंडावर गोपाळगड, आणि हे नाव ठेवलं तुळाजी आंग्र्यांनी, अठराव्या शतकात सिद्दीकडून किल्ला घेतल्यावर. जमिनीच्या बाजूला जांभ्यात खोदलेला खंदक बघाच. त्याच्यापुढे टाळकेश्वराचं देऊळ आणि दीपगृह. संध्याकाळी तिथल्या कड्यावर उभं राहिलं की सॉलिड वारा लागतो आणि मोबाइलला चक्क चार कांड्या येतात. समोर उघडा समुद्र, अडवायला काहीच नाही. दादाचं ‘इमर्जन्सी ऑफिस’ तिथेच. पावसाळ्यात काय करणार, हा प्रश्न मी विचारला नाही.

आणि हो, इथली दुसरी प्रसिद्ध गोष्ट म्हणजे वीज प्रकल्प. ‘दाभोळ प्रकल्प’ म्हणून गाजलेला एन्रॉनचा प्रकल्प दाभोळला नाही, खाडीच्या अलीकडे या बाजूला आहे. १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, २००१ मध्ये बंद पडला, त्याच डिसेंबरात एन्रॉननेच दिवाळखोरी जाहीर केली. पुढे २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी उभी राहिली. गंमत वेगळीच आहे बॉस! याच एन्रॉनने जुलै २००० मध्ये अमेरिकेत ब्लॉकबस्टरबरोबर वीस वर्षांचा करार केला होता, ब्रॉडबँडवरून घरोघरी सिनेमे पोचवायचे म्हणून. तो आठ महिन्यांत मोडला. प्रकल्पाच्या कुंपणापासून थोड्याच अंतरावर माझी भाची तेव्हा एका कार्टूनच्या बफरिंगकडे टक लावून बसली होती.

तर, आजार. पहिला नियम असा की शिव्या देण्याआधी मोजा. प्लॅन ४० एमबीपीएसचा. (यातला ‘बी’ म्हणजे बिट. आठ बिटांची एक बाइट, म्हणजे सेकंदाला पाच एमबीच उतरणार. यावरून लोक उगाच भांडतात.) पडवीत वायफायवर टेस्ट केली तर १.६! मग राउटरला थेट केबल लावून लॅपटॉपवर बघितलं. ३८. म्हणजे नेट घरापर्यंत अगदी व्यवस्थित येत होतं. हरवत होतं ते घरात.

राउटर कुठे होता? माजघरातल्या फडताळात. समोर स्टीलचे डबे.

‘‘आत्या, हे इथे कोणी ठेवलं?’’

‘‘मीच गो. बाहेर धूळ बसते त्याच्यावर. आणि लुकलुकतं रात्रभर, झोप लागत नाही मला.’’

फडताळातून पडवीपर्यंत दीड-दीड फुटाच्या तीन चिरेबंदी भिंती. तोफगोळ्यांसाठी किल्ले बांधायला वापरला तोच जांभा, तो बिचाऱ्या वायफायला काय दाद देणार! त्यात हा दगड पाणी धरून ठेवतो आणि पाणी रेडिओलहरी शोषतं. म्हणजे पावसाळ्यात आणखी बोंब. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान पण भिंतीपुढे लवकर दमते, २.४ ची हळू पण जरा चिवट. दादाचा लॅपटॉप हट्टाने पाचलाच चिकटलेला.

दादा रिपीटर मागवणार होता. मी अडवलं. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यात स्पीड जवळपास निम्मा होतो. त्यापेक्षा गुहागरच्या बाजारातून लॅन केबल आणली, माळ्यावरून पडवीपर्यंत ओढली (ही केबल १०० मीटरपर्यंत बिनतक्रार चालते) आणि कपाटात पडलेला जुना राउटर तिथे जोडला. पडवीत ३५! दादाने मला चक्क मिठी मारली. वहिनी म्हणाली, ‘‘बघू संध्याकाळी.’’

वहिनी शहाणी. सातच्या सुमारास वारा सुटला आणि डब्यावर लाल दिवा. नेट गुल. दहा मिनिटांनी परत आलं, परत गेलं. हाच तो खरा चोर! कॉल तोडणारा.

कंपनीच्या हेल्पलाइनवर एक गोड आवाज चार वेळा म्हणाला, ‘‘सर, राउटर बंद करून चालू करा.’’ पाचव्यांदा दादाने फोनच बंद केला. शेवटी ओळखीतून लाइनवर काम करणारा एक मुलगा बाइकवरून आला. त्याने खिशातून छोटं मीटर काढून फायबरच्या टोकाला लावलं. उणे २९.

हा आकडा म्हणजे काचेच्या तारेतून पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद. घरातल्या डब्याला साधारण उणे २७ पर्यंतचं दिसतं, त्याखाली तो आंधळा. उणे २९ म्हणजे काठावरून पडलेला माणूस. आम्ही तार धरून चालत सुटलो. अंगण, विहीर, कलम. आणि कलमावर सापडलं! आंबे काढणाऱ्याच्या झेल्याला तार आडवी येत होती, म्हणून त्याने ती बाजूला ओढून फांदीला सुतळीने घट्ट बांधून टाकली होती. काटकोनात. तार कुठे तुटली नव्हती, पण एवढ्या अरुंद वळणावर प्रकाश काचेबाहेर निसटतो. वारा आला की फांदी हलायची, गाठ आवळायची, आणि पुण्यातला क्लायंट दादाचा गोठलेला चेहरा बघत बसायचा.

सुतळी कापली. उणे २१. मुलाने पैसे घेतले नाहीत, डझनभर हापूस मात्र घेतले. तार आता मोठ्या सैल वळणाने वासावरून जाते.

तिसरं प्रकरण किरकोळ. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालायचा, राउटर मात्र नाही, कारण तो त्या लाइनवरच नव्हता. वायर बदलली. विजा चमकायला लागल्या की प्लग काढायचा, हे आत्याला सांगितलं. काचेतून वीज येत नाही, पण प्लगमधून येते.

एक सांगायचं राहिलं. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसलाही ब्रॉडबँड म्हणायचे, २०१३ मध्ये ते ५१२ झालं, २०२३ मध्ये २ एमबीपीएस. म्हणजे पडवीतला दादाचा १.६ पहिल्या दोन व्याख्यांत मस्त पास आणि तिसरीत नापास. कॉलला मात्र दोन-तीन एमबीपीएस पुरतात. न तुटणारे हवेत, इतकंच.

आठव्या दिवशी धोपाव्याहून फेरीबोट धरली. गाड्यांच्या मधल्या जागेत उभी असताना, खाडीच्या मध्यावर दादाचा मेसेज आला.

‘सात तास झाले. एकदाही तुटलं नाही. आईने राउटरवर विणलेला रुमाल टाकलाय, काय करू?’

मी लिहिलं, ‘काढ. गरम होतो तो.’

थोड्या वेळाने दुसरा आला. ‘काढला. चिडलीय. वहिनीने अजून भाड्याचं ॲप उडवलेलं नाही. म्हणते, एक पाऊस जाऊ दे.’