माताजी, नॅपकिन आणि अहमदाबाद

वीकेण्डला अहमदाबादला चाललेय, असं ऑफिसात सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘खाकरे आणशील ना?’ दुसरा त्याहून थेट, ‘पण तिथे करणार काय? प्यायला पण मिळत नाही!’ आपल्या लेखी गोवा म्हणजे ट्रिप आणि अहमदाबाद म्हणजे क्लायंट मीटिंगचं गाव. पण मंडळी, डिझाइनशी तुमचा जराही संबंध असेल, अगदी पडद्यांच्या रंगावरून नवऱ्याशी भांडण्याइतका, तरी हे गाव चुकवू नका.

माझं जाण्याचं कारण मात्र वेगळं होतं. एक जुनी उधारी होती. तिच्याकडे येतेच.

रात्री बोरिवलीला गाडीत बसायचं आणि सकाळी अहमदाबादला डोळे चोळत उतरायचं. हॉटेलात बॅग टाकली की तडक काळूपूरचं स्वामीनारायण मंदिर गाठायचं. तिथून आठ वाजता हेरिटेज वॉक निघतो. १९९७ पासून तो चालू आहे. मंदिरापासून सुरू होतो आणि जामा मशिदीपाशी संपतो. मधल्या दोन-अडीच तासांत तुम्ही पोळींतून फिरता. पोळ म्हणजे आपल्या वाड्यांची एक अख्खी गल्लीच, एका दरवाज्याआड बंद केलेली. कोरीव लाकडी खांब, बाहेर ओटले, आणि पक्ष्यांना दाणे टाकायला उंच खांबावर चबुतरा. आम्ही मुंबईत कबुतरांना घालवायला जाळ्या लावतो आणि इथे त्यांच्यासाठी आर्किटेक्चर! कवी दलपतराम चौकात ब्राँझचे दलपतराम निवांत बसलेत. त्यांच्या शेजारी बसून फोटो काढायचा मोह सगळ्यांनाच होतो. मीही काढला.

२०१७ मध्ये युनेस्कोने या जुन्या शहराला जागतिक वारसा शहर म्हटलं. असा मान मिळालेलं भारतातलं हे पहिलं शहर. म्हणून सगळं छान राखलंय असं समजू नका. दोन घरं सोडून तिसऱ्याला कुलूप आणि चौथ्याच्या जागी टाइल्स लावलेली इमारत, असंही बरंच दिसतं.

नव्या अहमदाबादची यादी कुठल्याही गाइडमध्ये मिळेल. ल कॉर्बुझिएची मिल ओनर्स बिल्डिंग, लुई कानचं आयआयएम, चार्ल्स कोरियांनी साबरमती आश्रमात बांधलेलं संग्रहालय. सगळं पाहाच. पण मला सगळ्यात आवडते ती अमदावाद नी गुफा. जमिनीखाली खोल्या आणि वर कासवांच्या पाठींसारखे घुमट, त्यांच्यावर फुटक्या टाइल्सचे तुकडे. आत एम. एफ. हुसेनांची चित्रं थेट भिंतींवर. बांधली बाळकृष्ण दोशींनी. आता गंमत बघा. दोशी जन्मले पुण्यात आणि हुसेन पंढरपुरात. म्हणजे पुणेकर आणि पंढरपूरकर मिळून अहमदाबादेत एक गुहा करतात आणि आपण मराठी लोक तिथे खाकऱ्यांच्या खरेदीतून वेळ उरला तर जातो!

सिदी सय्यद मशिदीची जाळी तुम्ही न बघताही बघितलेली असते. १५७३ च्या सुमाराची ही मशीद. तिच्या एका कमानीत दगडातून कोरलेलं झाड आहे, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. आयआयएमचा लोगो त्यावरूनच आला. शिवाय की-चेन, फ्रिज मॅग्नेट, साडीचा पदर, लग्नपत्रिका, सगळीकडे तीच. ज्याने ती कोरली त्याचं नाव कुणालाच माहीत नाही. समोरच्या फूटपाथवर उभी राहून मी बराच वेळ त्या झाडाकडे बघत होते, आणि पोटात थोडं ढवळत होतं. हां, आता उधारीकडे येते.

२०११ ची गोष्ट. मुंबईत हस्तकलेचं एक प्रदर्शन लागलं होतं. एका स्टॉलवर ‘माता नी पछेडी’ टांगल्या होत्या. पांढऱ्या कापडावर काळ्या आणि लाल रंगात मधोमध देवी, भोवती चौकटींत हत्ती, झाडं, पोपट, वाजंत्रीवाले. कोंबड्यावर बसलेली एक देवी मला इतकी आवडली की मी कॅमेरा काढून चार फोटो मारले. विचारलं नाही. विकत तर नाहीच घेतलं. आठवड्याभरात एका नव्या रेस्तराँचं काम आलं. मालकाला ‘एथनिक पण हटके’ हवं होतं. मी ती देवी कम्प्युटरवर गिरवली, जरा उलटीपालटी केली, मेन्यू कार्डावर बसवली. पेपर नॅपकिनवरही. काम झक्कास झालं, पैसे वेळेवर आले. (हे आमच्या धंद्यात किती दुर्मीळ असतं ते विचारू नका.)

पुढे कित्येक वर्षं मला त्यात काही वावगं वाटलं नाही. गेल्या वर्षी माझंच एक पोस्टर कोणीतरी उचलून टी-शर्टांवर छापलं. मी भडकले. ‘नाव नको, पैसे नको, पण साधं विचारायला काय होतं?’ असं भेटेल त्याला ऐकवत होते. जुन्या ऑफिसातली मैत्रीण कॉफी ढवळत म्हणाली, ‘तुझा तो कोंबडा तू कुणाला विचारला होतास गं?’

घरी येऊन जुनी हार्ड डिस्क शोधली. चौथ्या फोटोच्या कोपऱ्यात स्टॉलचा बोर्ड आला होता. त्यावर नाव, ‘वासणा, अमदावाद’ आणि मोबाइल नंबर. तोही चालू निघाला! पलीकडून आवाज आला, ‘आवो ने बेन, कधीही या.’

तर वासणा. रिक्षावाल्याला पत्ता दोनदा विचारावा लागला. वरच्या मजल्यावरच्या खोलीत जमिनीवर कापड पसरलेलं. साठीचे काका बांबूच्या काडीने रेषा ओढत होते आणि बारा-तेरा वर्षांची नात आतल्या जागा भरत होती. काळा रंग म्हणजे गंजलेलं लोखंड आणि गूळ पाण्यात कित्येक दिवस कुजवून केलेलं पाणी, त्यात दाटपणासाठी चिंचोक्याची पूड. कापडाला आधी हिरड्याचं पाणी दिलेलं असतं, त्यावर हे लोखंडाचं पाणी लागलं की काळं धरतं. लालची गंमत त्याहून भारी. जिथे लाल हवं तिथे तुरटी लावायची, तेव्हा जवळजवळ काही दिसतच नाही. मग अलिझरीन घातलेल्या उकळत्या पाण्यात कापड ढवळलं की नेमकी तेवढीच जागा लाल होते. मधेमधे धुवायला वाहतं पाणीच लागतं. साठलेल्या पाण्यात सुटलेला रंग परत कापडाला चिकटतो. म्हणून हे लोक साबरमतीच्या काठाने राहिले.

आणि ही कला मुळात आली कुठून? देवीपूजक समाजाच्या लोकांना देवळात येऊ देत नसत. मग त्यांनी कापडाचंच देऊळ केलं. चार पछेड्या बांधल्या की झाला गाभारा. कोंबड्यावरची ती बहुचरा माता, मगरीवरची खोडियार, बोकडावरची मेलडी. काका सांगत होते आणि मी मान डोलवत होते. पर्समध्ये २०११ चा तो नॅपकिन होता. पोर्टफोलिओसाठी जपून ठेवलेला.

शेवटी काढला. जे झालं ते सगळं सांगितलं, मोडक्या हिंदीत.

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. पहिलं वाक्य काय असावं? ‘कोंबड्याचं तोंड उलटं केलंत.’

‘लेआउटमध्ये बरं दिसत होतं म्हणून...’

‘हं. आणि हा कागद कशाचा?’

‘नॅपकिन आहे काका. हॉटेलात... हात पुसायला.’

चहा घेऊन आलेली सून दारातच थांबली. ‘माताजीला?’ एवढंच म्हणाली. काका काही बोलले नाहीत. नॅपकिनची घडी घालून त्यांनी तो जमिनीवर न ठेवता देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला. मला त्या क्षणी जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, ‘किती मिळाले होते?’ पूर्ण कामाचे पंचेचाळीस हजार, मी खरं ते सांगितलं. ते हसले. त्या प्रदर्शनात पाच दिवसांत त्यांच्या दोन पछेड्या गेल्या होत्या. मी पाकीट पुढे केलं, त्यांनी हात मागे घेतला. ‘जुन्याचे नको बेन. त्याचा हिशेब माताजी बघेल. नवीन काम असेल तर बोला.’

आणि आम्ही चक्क कामाचं बोललो! त्यांच्या अटी एकदम स्पष्ट होत्या. फेकून द्यायच्या वस्तूवर देवी नाही. चपला, पायपुसणी, अंतर्वस्त्रं अजिबात नाही (ही विचारणा त्यांच्याकडे खरंच आली होती). झाडं, पोपट, हत्ती, काठ, हे वापरा. खाली नाव हवं. निम्मे पैसे आधी. आमच्या एजन्सीचं काँट्रॅक्ट अकरा पानांचं असतं, त्यात एवढी स्वच्छ अक्कल नाही. २०२३ मध्ये या कलेला जीआय टॅग मिळाला आणि त्याच वर्षी वासण्याच्याच कलेतले भानुभाई चितारा यांना पद्मश्री. मी विचारलं, आता बरं चाललं असेल ना? काका म्हणाले, ‘नाव झालं की नक्कल करणारे आधी येतात, गिऱ्हाईक मागाहून.’

निघताना मी फोन काढला आणि थबकले. ‘काका, फोटो काढू?’ नातीचा हात रंगाने काळा झालेला, तिला तो फोटोत नको होता. मग फक्त कापडाचा काढला.

दुसऱ्या दिवशी शाहीबागेतलं कॅलिको म्युझियम. आधी बुकिंग करावं लागतं, मोजकीच माणसं सोडतात आणि आत फोटो काढायला सक्त मनाई. एरवी मी कुरकुरले असते. तिथल्या जुन्या कापडांसमोर हाताला काही कामच नसल्यामुळे एकेका विणीकडे पाच-पाच मिनिटं बघत राहिले. रात्री माणेक चौक. दिवसा सराफा आणि रात्री शटर पडली की त्याच दगडांवर खाऊगल्ली. चॉकलेट सँडविच नावाचा प्रकार तिथे मिळतो. धाडस असेल तर खा.

मुंबईला येऊन मी नव्या क्लायंटला काकांचं काम दाखवलं. चहाच्या डब्यांवर त्यांची झाडं आणि खाली नाव, अशी कल्पना. क्लायंटला प्रचंड आवडलं. मग तो म्हणाला, ‘पण आपण त्यासारखंच काहीतरी इनहाउस केलं तर?’ त्यावर आमचं अजून चालू आहे.

मी स्वतःसाठी एक छोटी पछेडी सांगितली होती, बहुचरेचीच. ती कुरिअरने आली. कोंबड्याचं तोंड बरोब्बर सुलट आहे आणि खालच्या कोपऱ्यात काकांची सही. लावायची कुठे, ते मात्र ठरत नाहीये. बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर नको, असं काकांनी फोनवर बजावलं होतं. माझा वन बीएचके आहे. एका भिंतीवर टीव्ही, एकीला खिडकी आणि उरलेल्या दोन्हींपलीकडे बाथरूम. नवरा म्हणतो, टीव्ही हलवू.