हलक्या हाताचं शास्त्र

पोट, कंबर, मांड्या किंवा दंडांवरची चरबी काढण्याची शस्त्रक्रिया झालेली माणसं माझ्याकडे येतात ती साधारण दुसऱ्या आठवड्यात. तक्रार ठरलेली असते. "मॅडम, बारीक व्हायला गेले होते आणि काटा वर गेलाय!" काटा बरोबर असतो. हा वाढलेला आकडा चरबीचा नसून पाण्याचा आहे, हे पटवून देण्यात आमची पहिली भेट जाते.

लायपोसक्शनमध्ये चरबी ओढण्याआधी त्या भागात सलाइन, बधिर करणारं लिग्नोकेन आणि रक्तवाहिन्या आकसवणारं अ‍ॅड्रिनॅलिन यांचं मिश्रण भरलं जातं. कॅलिफोर्नियातले त्वचारोगतज्ज्ञ जेफ्री क्लाइन यांनी ही पद्धत 1987 मध्ये प्रसिद्ध केली. तिच्यामुळे रक्तस्राव कमालीचा घटला आणि शस्त्रक्रिया सुरक्षित झाली. भरलेल्या द्रावातला बराचसा भाग मात्र शरीरातच राहतो आणि पुढच्या एक-दोन दिवसांत शोषला जातो. शिवाय बारीक नळी चरबीतून शेकडो वेळा मागेपुढे फिरलेली असते. त्वचेवर दोन-चार छोटे टाके दिसत असले तरी आतली जखम हातभर पसरलेली असते. शरीर त्या जखमेला जे उत्तर देतं, ती सूज. रक्तवाहिन्यांच्या भिंती सैल होतात, पाणी आणि प्रथिनं बाहेर झिरपतात, दुरुस्ती करणाऱ्या पेशी तिथे पोचतात. ही प्रक्रिया पूर्ण थांबवली तर जखम भरणारच नाही. तेव्हा सूज शून्यावर आणणं हे आमचं काम नव्हे. काम आटोपलेलं पाणी वेळेत परत जावं, एवढंच आम्ही बघतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. या विषयात शिरले ती स्तनांच्या कर्करोगाच्या रुग्णांमुळे. बगलेतल्या लसिका (लिम्फ) ग्रंथी काढल्यावर अनेकींचा हात सुजतो, आणि ती सूज जन्मभर सांभाळावी लागते. पुढे प्लास्टिक सर्जन लायपोचे आणि टमी टकचे, म्हणजे पोटाची सैल त्वचा काढण्याच्या शस्त्रक्रियेचे, रुग्ण पाठवू लागले. हात तोच, तंत्र तेच. पण दोन्ही रुग्णांमधला फरक मोठा आहे. कर्करोगात ग्रंथी गेलेल्या असतात. लायपोनंतर ग्रंथी जागेवर असतात, वाहिन्या फक्त दुखावलेल्या असतात. "मला आता हत्तीपाय होईल का?" असं विदर्भातून आलेल्या रुग्ण हमखास विचारतात, कारण त्यांनी गावात तो आजार पाहिलेला असतो. नाही होत. माझ्या पोटावर पाय आणणारं एक सत्य इथेच सांगून टाकते: बहुतेकांची सूज माझ्याकडे न येताही उतरते. उपचारांनी ताण, दुखणं आणि जडपणा कमी होतो, हालचाल लवकर मोकळी होते, पण अंतिम आकार सर्जनच्या हातांनी आणि तुमच्या शरीरानेच ठरलेला असतो.

पाणी परत जातं कसं, याचं शास्त्रही गेल्या काही वर्षांत बदललं आहे. केशवाहिन्यांतून पाणी कोणत्या दाबांमुळे बाहेर पडतं आणि आत येतं याचा सिद्धांत अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी 1896 मध्ये मांडला. आम्ही पुस्तकात शिकलो ते असं की, बाहेर पडलेलं नव्वद टक्के पाणी केशवाहिनीच्या दुसऱ्या टोकातून रक्तात परततं आणि उरलेलं लसिका वाहिन्या नेतात. लेव्हिक आणि मिशेल या शास्त्रज्ञांनी 2010 मध्ये या चित्राची फेरमांडणी केली. बहुतेक ऊतींमध्ये जवळजवळ सगळं पाणी लसिका वाहिन्यांवाटेच परततं, असं आता मानलं जातं. म्हणजे ज्या व्यवस्थेला आम्ही मदतनीस समजत होतो, तीच मुख्य निघाली.

या व्यवस्थेची सुरुवात त्वचेच्या लगेच खाली होते. तिथल्या लसिका वाहिन्यांची भिंत एका पेशीच्या जाडीची असते आणि ती बारीक तंतूंनी आजूबाजूच्या ऊतींना बांधलेली असते. त्वचा अलगद ताणली की तंतू ओढले जातात, भिंतीतल्या फटी उघडतात आणि पाणी आत शिरतं. जोराने दाबलं तर वाहिनीच चपटी होते. पुढच्या मोठ्या वाहिन्यांना झडपा असतात आणि त्या मिनिटाला साधारण सहा ते दहा वेळा स्वतःहून आकुंचन पावतात. शरीराच्या बहुतांश भागातली लसिका शेवटी गळ्याच्या मुळाशी, डाव्या बाजूच्या मोठ्या शिरेत रिकामी होते. म्हणून मी सुरुवात गळ्यापासून करते. रुग्ण गोंधळतात. "पोट खाली आहे, मॅडम!" आधी पुढची वाट मोकळी करायची, मग मागचं पाणी हलवायचं, असा हा क्रम आहे.

हे तंत्र उभं केलं एमिल आणि एस्ट्रिड व्होडर या डॅनिश जोडप्याने. ते फ्रान्समधल्या कान शहरात काम करत होते. सर्दीने बेजार झालेल्या लोकांच्या मानेतल्या सुजलेल्या ग्रंथी त्यांनी हलक्या, गोलाकार हालचालींनी हाताळून पाहिल्या आणि 1936 मध्ये पॅरिसमध्ये ही पद्धत लोकांसमोर मांडली. ग्रंथींना हात लावू नये असा त्या काळचा वैद्यकीय दंडक होता, आणि एमिल व्होडर वैद्यकाचे पदवीधर नव्हते, त्यामुळे डॉक्टरांनी त्यांच्याकडे बराच काळ दुर्लक्ष केलं. जर्मनीत मिखाएल फोल्डी यांनी याच मसाजला पट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची जोड देऊन वैद्यकीय पाया दिला. जगभरातल्या लसिका-सुजेच्या उपचारांचा ढाचा आज तोच आहे.

आपल्याकडे अडचण होते ती 'मसाज' या शब्दावरून नव्हे, सवयीमुळे. बाळंतपणानंतर तेल लावून खसाखसा मालीश करणारी बाई ज्या घरात येऊन गेली आहे, त्या घराला माझा हात म्हणजे फसवणूक वाटते. एका सासूबाईंनी सरळ विचारलं होतं, "एवढ्याचे पैसे?" पुरणपोळी लाटताना पुरण फुटू नये म्हणून हात जितका हलका ठेवतो, तितकाच दाब इथे लागतो. तेल लागत नाही, कारण हात त्वचेवरून घसरायला नको. त्वचाच हाताबरोबर सरकली पाहिजे. ताज्या शस्त्रक्रियेवर जोरदार मालीश केली तर नुकत्याच सांधलेल्या ऊती फाटतात, आत रक्त साचू शकतं आणि सूज उलट वाढते. दुखलं म्हणजे गुण आला, हा हिशेब इथे चालत नाही.

टमी टकचं गणित आणखी वेगळं आहे. बेंबीखालच्या त्वचेची लसिका एरवी जांघेकडे उतरते. या शस्त्रक्रियेत कमरेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत आडवा छेद जातो आणि त्या वाटा मध्येच कापल्या जातात. ब्राझीलमधल्या संशोधकांनी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर लसिकेचा प्रवास तपासला, तेव्हा बऱ्याच जणींमध्ये तो जांघेऐवजी बगलेकडे वळलेला दिसला. त्यामुळे टाक्यांच्या वरचं पाणी खाली ढकलण्यात अर्थ नसतो, ते बगलेच्या दिशेने न्यावं लागतं. तुमचा थेरपिस्ट छेदावरून सरळ खाली हात ओढत असेल, तर त्याला शस्त्रक्रिया समजलेली नाही.

आता बेल्टविषयी. डॉक्टर 'कॉम्प्रेशन गारमेंट' म्हणतात, रुग्ण 'बेल्ट' म्हणतात. बहुतेक सर्जन तो चार ते सहा आठवडे घालायला सांगतात. एकसारखा, मध्यम दाब हे त्याचं काम आहे. पोट बांधण्याची आपली परंपरा मात्र सांगते की, जितकं घट्ट तितकं बरं. त्यातून लोक दोन साइझ लहान बेल्ट आणतात. मग बसल्यावर तो कमरेत गुंडाळला जातो, त्वचेवर वळ उठतो आणि वळाच्या खालचा भाग फुगतो. पोटावर फार घट्ट आवळलं की जांघेतल्या शिरांमधला रक्तप्रवाह मंदावतो, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांत पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती आधीच असते. बेल्ट घालून पोटभर श्वास घेता आला पाहिजे आणि कडेने बोट सरकलं पाहिजे. आपल्या हवेत घामोळ्यांचाही विचार हवा. आत पातळ सुती बनियन घाला, त्वचेवर सुरकुती राहू देऊ नका आणि धुण्यासाठी दुसरा बेल्ट जवळ ठेवा.

सगळ्यात स्वस्त उपचाराची जाहिरात कोणी करत नाही. तो म्हणजे चालणं. सर्जनने परवानगी दिली की पहिल्याच दिवशी खोलीतल्या खोलीत, टमी टक असेल तर कमरेत थोडं वाकून. पोटऱ्यांचे स्नायू आकसले की शिरांतलं आणि लसिकेतलं पाणी वर सरकतं. पलंगावर असताना पावलं वरखाली हलवायची. पोटाने खोल श्वास घ्यायचा, कारण छातीतल्या मुख्य लसिका वाहिनीवर श्वासाबरोबर दाब बदलतो आणि ती रिकामी व्हायला मदत होते. मीठ बेताचं ठेवायचं. दिवाळीत ही शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांना चिवड्याचा डबा दूर ठेवा, हे वेगळं सांगावं लागतं.

यंत्रं आणि गोळ्या यांच्या बाबतीत मी कंजूष आहे. जपानचे केन्झो कासे यांनी 1970 च्या दशकात आणलेली ताणणारी टेप जखमेचे काळेनिळे डाग लवकर फिके करते, असं मला दिसतं. सुजेवर तिचा परिणाम किती, याचे अभ्यास एकमेकांशी जुळत नाहीत. त्वचा शोषून लाटणारी फ्रेंच यंत्रं, अल्ट्रासाउंड, रेडिओफ्रीक्वेन्सी यांना नंतरच्या टणक गाठींसाठी काही जागा आहे, पहिल्या आठवड्यांत नाही. लायपो आणि टमी टकनंतर त्वचा काही महिने बधिर असते. गरम पाण्याची पिशवी ठेवून शेकलं तर भाजल्याचं कळतच नाही. बर्फाचंही तेच. शस्त्रक्रियेच्या जागी घरगुती शेक नको, हा माझा सगळ्यात कडक नियम आहे.

गोळ्यांमध्ये आपल्याकडे सेरॅशिओपेप्टिडेजचा सुळसुळाट आहे. दात काढा, पाय मुरगळा, पोटाचं ऑपरेशन करा, चिठ्ठीवर ती असतेच. रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जिवाणूपासून मिळवलेलं हे विकर जपानमध्येच लोकप्रिय झालं होतं. पुढे चाचण्यांत ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही आणि 2011 मध्ये जपानी कंपनीने स्वतःच ते बाजारातून मागे घेतलं. अर्निकाचा पुरावाही तोकडाच आहे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या मनाने घेऊ नका, कारण ही सूज प्रथिनांनी भरलेली असते. त्या रक्तातलं पाणी घालवतात, प्रथिनं तिथेच राहतात.

माझ्या स्वतःच्या उपचाराचा पुरावा किती, हेही सांगायला हवं. स्तनांच्या कर्करोगानंतरच्या हाताच्या सुजेवर 2015 मध्ये कॉक्रेन संस्थेने उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. दाबाच्या पट्ट्यांना हाताच्या लसिका मसाजची जोड दिली तर सौम्य ते मध्यम सुजेत थोडा अधिक फायदा होतो, असं त्यात दिसलं. लायपो आणि टमी टकवरचे अभ्यास छोटे आहेत. ते उत्साहवर्धक आहेत, निर्णायक नाहीत. म्हणून शस्त्रक्रियेबरोबरच ठरावीक सत्रांचं पॅकेज विकणं मला पटत नाही. काहींना चार भेटी पुरतात, काहींना एकही लागत नाही.

एक प्रकार मात्र थेट धोक्याचा आहे. मोबाइलवरच्या व्हिडिओंत टाक्यांच्या छिद्रांतून दाबून द्रव बाहेर काढताना दाखवतात. वाहणारं लालसर पाणी पाहून लोकांना सूज निघाल्याचं समाधान मिळतं. प्रत्यक्षात त्या वाटेने जंतू आत जातात. टमी टकनंतर त्वचेखाली पोकळीत पाणी साचणं, म्हणजे सेरोमा, हा सर्वांत नेहमीचा त्रास आहे. पोटावर टिचकी मारली की लाटेसारखं हलतं. ते पाणी बंद पोकळीत असतं, कोणत्याही मसाजने जात नाही. सर्जननेच सुईने ते काढायचं असतं. अशा वेळी मी हात लावत नाही, फोन लावते.

हात न लावण्याच्या आणखी वेळा आहेत. एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, अचानक धाप लागणं, ताप आणि लालसर गरम त्वचा, एका बाजूला झपाट्याने वाढणारी टणक सूज, काळपट पडलेली त्वचा. यांतलं काहीही दिसलं तर त्याच तासात सर्जनला कळवा. धाप किंवा छातीत दुखणं असेल तर सरळ इस्पितळ गाठा. ज्यांचं हृदय अशक्त आहे त्यांच्या बाबतीत मसाजआधी डॉक्टरांची संमती हवीच.

सगळं सुरळीत असेल तर सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते, तीन आठवड्यांत बरीच उतरते, सहा आठवड्यांत कपडे बसू लागतात. खरा आकार तीन ते सहा महिन्यांनी दिसतो. टमी टकनंतर संध्याकाळी पोट जड वाटणं वर्षभरही राहू शकतं. त्यामुळे मुलीच्या लग्नाला महिना उरला असताना शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका, निदान सहा महिने हाताशी ठेवा. थेरपिस्ट निवडताना त्याने लसिका उपचारांचं प्रशिक्षण कुठे घेतलं, तुमच्या सर्जनशी तो बोलला आहे का आणि कोणत्या लक्षणांना तो उपचार थांबवतो, हे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्याचं उत्तर आलं नाही किंवा इंचांची हमी मिळाली, तर फी भरू नका.