दोस्ताच्या बुडालेल्या शेतात गरी टाकली

भात कापून झालं, झोडणीला अजून चार दिवस आहेत, म्हणून आज पिकाचं नाही, माशांचं लिहितो. पण वाचत रहा, गोष्ट शेवटी बांधावरच येते.

त्रिपुरी पौर्णिमा होऊन गेली होती, वद्य तृतीयेचा दिवस. आमच्या अलिबागच्या खारपट्ट्यात भरती काढायला मोबाईल लागत नाही. तिथीला पाऊण गुणायचं. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे सव्वादोनच्या आसपास पूर्ण भरती आणि सकाळी आठच्या सुमारास सुकती. अष्टमी-नवमीला गेलं तर भांगाचं पाणी, त्याला ओढच नसते. तांबोशी काय नि जिताडा काय, दोघांनाही वाहतं पाणी लागतं. साडेसातला निघालो.

सोबत माझा शाळेपासूनचा दोस्त. जागा त्याचीच, अगदी सातबाऱ्यावर नाव असलेली. दोन एकर खारभात होतं त्याचं तिथं. सात वर्षांपूर्वी बाहेरकाठ्याला खांड पडली. चिंबोऱ्यांनी बांध आतून पोखरला होता, त्यात अमावस्येचं उधाण आलं. पहिल्या दिवशी खांड दहा-बारा फुटांची होती. आमच्या वडिलांच्या वेळी घरटी एक माणूस उतरायचा आणि पुढच्या भरतीच्या आत चिखलाचे पेंड रचून खांड बुजवली जायची. आता गावात चिखलात उतरणारी माणसं किती? पोरं कंपनीत. अर्ज केले, पंचनामा झाला, पाऊस गेल्यावर बघू म्हणाले. पुढच्या वर्षी खांड साठ फूट झाली. मग भरतीबरोबर तिवराचं बी आत आलं आणि रुजलं. आता तिथं डोक्याच्या वर तिवर आहे.

तिवर तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 2005 ला बंदी घातली आणि 2018 च्या निकालाने ती पक्की केली. जमीन खाजगी असली तरी सुटका नाही. कायदा चूक आहे असं मी म्हणणार नाही. बांधाच्या बाहेर तिवर दाट असला की लाट बांधावर आपटत नाही, हे आम्ही लहानपणापासून बघतोय. पण बाहेरचा तिवर बांध राखतो आणि आतला तिवर शेत घेतो. खांड वेळेत बुजवली असती तर हा प्रश्नच आला नसता.

असो. खांडीच्या तोंडाशी पाग टाकून जिवंत कोळंबी धरली. होडी आत घेतली. पाणी गुडघाभर, चिखल कमरेएवढा. मी म्हटलं, "इथंच टाकू." तर हा म्हणतो, "नको रे, इथं उंचवटा. इथं पाणी कधी ठरायचंच नाही, लावणीला मला डोक्यावरनं वाफे भरावे लागायचे. पुढं चल." पुढे कोपऱ्यात गेलो. "हा माझा खोलगट तुकडा. इथं काळा राता लावायचो, बाकी काही टिकायचं नाही. सुकतीला मासा इथंच राहणार."

आणि तसंच झालं. पाण्याखाली त्याचे जुने वाफ्यांचे बांध अजून शाबूत आहेत. हा काठीने चाचपत नाही, नुसतं बघून सांगतो, इथून बांध वळतो. मासा त्या बांधाच्या कडेला दबा धरून असतो. कोळंबी बांधाच्या बाजूने वाहत येऊ द्यायची.

पहिली तांबोशी नऊ वाजता. घास घेतला की ही तिवराच्या मुळांत घुसते, दोरी सैल सोडली की गेली. दोन मिळाल्या, मोठी दीड किलोची. भरतीने जोर धरला तसा तिवराखाली 'टप्प' आवाज झाला. जिताडा तोंड उघडून घास ओढतो त्याचा तो आवाज, एकदा ऐकला की विसरत नाही. तासाभरात साधारण तीन किलोचा आला. पाण्याबाहेर उडी मारून डोकं झटकतो, आणि कल्ल्याच्या झाकणाची धार एवढी की दोरी कापते, हातही कापते. फडकं गुंडाळून उचलायचा. शेवटी एक वीतभर पोर आलं, ते टबात जिवंत ठेवलं.

जेवायला होडीतच बसलो. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी. तेव्हा त्याने सांगितलं, एक एजंट तीनदा येऊन गेला. "तिवर आहे म्हणून भाव पाडून मागतो. देऊन टाकू का?"

मी लगेच बोललो नाही. कारण त्याच्या मागे दोन शेतं सोडून माझं शेत आहे. मधे फक्त आतला बांध, तीन फुटांचा. मे महिन्यात माझ्या खालच्या तुकड्याची माती तपासून घेतली, ईसी 6 च्या वर निघाली. 4 च्या वर गेली की जमीन खारवट धरतात. पनवेल-3 लावलं म्हणून पदरात काही पडलं. त्याने विकली तर नवा मालक आतल्या बांधाकडे बघणार आहे का? पण हे मी माझ्या पोटासाठी बोलतोय असं त्याला वाटायला नको होतं.

तोच म्हणाला, "तुझं शेत जाईल ना मग." मी म्हटलं, "जाईल." मग बराच वेळ दोघं गप्प. पाणी चढत होतं.

परतताना ठरलं ते एवढंच: झोडणी झाली की माघापर्यंत आतला बांध दोन फूट चढवायचा, माती माझ्या शेतातली, माणसं चार, त्यात तो एक. विकायचं का नाही ते त्याने पावसाळ्यापर्यंत लांबवलंय. कांदळवनात चिंबोरीपालनाची सरकारी योजना 2017 पासून आहे, तिची चौकशी करायला आम्ही दोघं जाणार आहोत.

जिताड्याचं पोर माझ्या घरामागच्या तलावात सोडलं. गोड्या पाण्यात तो चांगला वाढतो, फक्त तलावात टिलापिया हवा, नाहीतर उपाशी राहतो.

खारपट्ट्यात कुणी आतला बांध चढवला असेल तर सांगा, उतार किती ठेवला आणि चिंबोरीचं काय केलं.