जवाहरनगर ते नेरुळ

13 डिसेंबर 2019, वर्धा
वरठी स्टेशनपर्यंत ऑटो 150. चहा दोनदा, 20. गाडी पावणेदोन तास उशिरा, नागपूरच्या आउटरला पुन्हा खोळंबा. बाबांसाठी गोरसपाक 120. कंबर धरली आहे. जेवायचं त्राण नाही, झोपते.

14 डिसेंबर, रात्रीच्या गाडीत
गाडी आजही उशिरा. कंबर तशीच.

सकाळी पवनारला गेले. 17 ऑक्टोबर 1940 रोजी विनोबांनी तिथेच युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला. गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांना निवडलं, नेहरू दुसरे. महायुद्ध पेटलेलं, आणि एक माणूस खेड्यात उभा राहून सांगतो, या लढाईला माणूस देऊ नका, पैसाही देऊ नका. चार दिवसांत पकडलं. पाठ्यपुस्तकात याला एक ओळ मिळते. फार कमी आहे ती.

आमच्या जवाहरनगरात आयुध निर्माणी आहे, तिथे स्फोटकं बनतात. बाबांची सगळी नोकरी तिथली. माझी फी, घरातला टेपरेकॉर्डर, 'यू टू' या आयरिश बँडच्या 1987च्या 'द जोशुआ ट्री'ची नागपूरच्या सीताबर्डीवरून आणलेली कॅसेट, सगळं त्याच पगारातलं. बाबांच्या कष्टांचा मला अभिमान आहे. म्हणूनच त्यांच्या हातचं कुणाच्या घरावर पडू नये असं वाटतं.

समोरच्या बर्थवर अकोल्याकडचा जवान, सुट्टी संपवून देवळालीच्या तोफखान्यात परत निघालेला. 'यू टू'च्या कार्यक्रमाला चालले म्हटल्यावर त्याने त्यांचं गाणं मागितलं. 'संडे ब्लडी संडे' लावलं, इयरफोनचं एक टोक त्याला दिलं. शब्द कळेनात, म्हणून हकिगत सांगितली: 30 जानेवारी 1972, उत्तर आयर्लंडमधलं डेरी, नागरी हक्कांचा मोर्चा, ब्रिटिश सैनिकांनी नि:शस्त्र लोकांवर झाडलेल्या गोळ्या, त्याच दिवशी तेरा मेले.

"हुकूम कोनं देल्ला व्हता, ताई?"

2010 मध्ये चौकशीचा अहवाल आला, पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली, एवढं सांगितलं. त्याने मनातल्या मनात वर्षं मोजली. मग गाणं पुन्हा लावायला सांगितलं. आत्ता झोपलाय. नाशिक रोडला उठवायचं आहे.

15 डिसेंबर, नेरुळ, रात्री फार उशिरा
हात थरथरतोय, तरी लिहिते. डी. वाय. पाटील स्टेडियम. भारतातला 'यू टू'चा पहिलाच कार्यक्रम आणि या दौऱ्याचा शेवटचा. ड्रमचा तो कवायतीचा ठेका सुरू झाला, आणि सुरुवातीलाच कालचं गाणं! मी रडले. खादीच्या कापडावर लाल दोऱ्याने 'युद्ध नको' भरून नेलं होतं. शेजारच्या अनोळखी मुलीने न विचारता दुसरं टोक धरलं, आणि 'बुलेट द ब्लू स्काय' संपेपर्यंत सोडलं नाही. अमेरिकेच्या पाठबळावर एल साल्वादोरमध्ये चाललेलं युद्ध त्यांचा गायक बोनो 1986 मध्ये पाहून आला, त्यातून झालेलं ते गाणं. गिटार नव्हे, विमानंच डोक्यावरून जातात. शेवटाकडे ए. आर. रहमान दोन्ही मुलींना घेऊन आले, 'अहिंसा' गायले. मला पवनार आठवलं.

16 डिसेंबर, परतीच्या गाडीत
बाबांचा फोन. आवाज किती मोठा होता, एवढंच विचारलं. मग म्हणाले, ते कापड घरी आण, पाहू.

30 जानेवारी डेरीचा दिवस, तसा गांधीजींच्या हत्येचाही. भंडाऱ्याला गांधी चौकात ते कापड धरून उभी राहणार आहे. शाळेतल्या दोघी येते म्हणाल्या. परवानगीचा अर्ज आजच गाडीत लिहून ठेवते.