तणमोर राखणारे फासेपारधी

ज्यांच्या फाशात एकेकाळी तणमोर पक्षी अडकायचा, तेच फासेपारधी आज त्याचा माळ राखतायत! हे कळल्यापासून मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय.

हे घडतंय विदर्भात, अकोला-वाशिमच्या पट्ट्यात. वडाळा गावच्या फासेपारध्यांनी ‘संवेदना’ संस्थेच्या साथीनं गवताळ माळ राखायला घेतला, चराईला आवर घातला. तणमोराची मादी जमिनीवरच अंडी घालते, गवतात दडून. नर पावसाळ्यात गवताच्या वर उसळी घेतो आणि पापणी लवायच्या आत पुन्हा गवतात गडप! दुर्बीण घेऊन आलेल्या पाहुण्याला तो कुठला सापडायला? पारध्याला सापडतो. माणसाळलेल्या गाईच्या आडून दबकत पुढं सरकायचं, तित्तिराला त्याच्याच आवाजात साद घालायची, मोडलेल्या काडीवरून कोण गेलं ते ओळखायचं... पिढ्यान्‌पिढ्यांची विद्या आहे ही! देशात हजारभरही तणमोर उरले नसताना हे डोळे केवढ्या मोलाचे!

वन्यजीव राखायला शिकारी अमेरिकेतही हातभार लावतात, पण तिथं त्यांच्याकडून पैसा येतो. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांसाठी राखून ठेवला. १९५०पासून गळाच्या सामानावरचा कर माशांसाठी. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनी शिकारच बंद केली, आणि ते योग्यच झालं. पण पारध्याच्या चुलीचं काय, हे कुणी विचारलं नाही. शिकार न करताही त्याची विद्या कामी येते, हे वडाळ्यानं दाखवलं.

मी सोलापूरचा, म्हणून जीव आणखीच तुटतो. बार्शी रस्त्यावरचं आपलं नान्नज! १९७९मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं. काळवीट आहेत, लांडगे आहेत, धाविक पळताना दिसतात. तणमोराचा थोरला भाऊबंद माळढोक मात्र आता दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. आपल्या सोलापूरचे वनाधिकारी-लेखक मारुती चितमपल्ली रानातल्या माणसांकडून पाखरांची माहिती का गोळा करत राहिले, ते मला आत्ता उमगतंय.

पारध्यांची घरं आपल्या जिल्ह्यातही आहेत. वनखात्याला एवढंच सांगणं: पाखरांच्या गणनेला, गस्तीला, घरटी हुडकायला आधी त्यांना बोलवा. आणि नुसतं बोलवू नका, महिन्याच्या पगारावर नेमा. येत्या पावसाळ्यात मी वडाळ्याला जाणार आहे. तिथं हे कसं जमवलं, ते एकेक विचारून येतो!