तापलेले यंत्र आणि जात्याची घरघर

गेल्या वैशाखात माझा लॅपटॉप तापू लागला. 'तापू लागला' हे शब्द सौम्यच म्हणायला हवेत. कळफलकाच्या वरच्या पट्टीवर बोट टेकवत नव्हते आणि पंख्याचा आवाज असा चढे की स्वयंपाकघरातून विचारणा होई, "अहो, मिक्सर चालू राहिलाय का?" यंत्र साधेसुधे नव्हते. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेले, दोन पगार खर्चून आणलेले. मराठीच्या अध्यापकाला हे कशाला हवे, असा प्रश्न स्टाफरूममध्ये विचारला गेला होता, आणि तो रास्तच होता.

त्याचे उत्तर चौदा कॅसेटींमध्ये होते. एम.ए.च्या वर्षी, २००३ साली, एका प्रकल्पासाठी मी आजीच्या आणि वाडीतल्या तिच्या समवयस्क बायकांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या होत्या. 'नुसत्या म्हण' म्हटले तर आजीला चार ओव्यांपुढे काही आठवत नसे. खुंट्याला हात लागला की मात्र ओवीमागून ओवी येई. म्हणून टेपरेकॉर्डर जात्याशेजारीच ठेवला होता. आजी २००९ मध्ये गेली, तिच्या मैत्रिणीही एकेक करून गेल्या. कॅसेटींना बुरशी धरली. दोन वर्षांपूर्वी त्या कशाबशा एकदा वाजवून संगणकावर उतरवून घेतल्या, त्यातच दोन फिती तुटल्या. आता मूळ असे जे काही उरले ते त्या संगणकातल्या फाइलींमध्येच.

ते मुद्रण 'स्वच्छ' करावे, ही माझी इच्छा. मानवी आवाज ओळखून बाकीचा गोंगाट काढून टाकणाऱ्या आज्ञावल्या आता सहज मिळतात, पण त्यांना प्रचंड गणित करावे लागते. रात्री काम लावून मी झोपत असे. अर्ध्या तासात तापमान ९७-९८ अंशांवर जाई, मग वेग मंदावे, आणि पहाटे पाहावे तर पडदा काळा.

चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी यंत्रावर काम करणारा माझा एक जुना विद्यार्थी रविवारी घरी आला. बी.ए.ला मराठी घेतलेला, पुढे आयटीआय करून तिकडे वळलेला. त्याने लॅपटॉप हातात घेण्याआधी तो कशावर ठेवला आहे ते पाहिले. चौपदरी घडी केलेली गोधडी होती.

"सर, याचं नाकच दाबलंय तुम्ही. हा खालून हवा घेतो."

मग त्याने बारीक पेचकसाने खालचे झाकण उघडले आणि मला एखाद्या धड्यासारखे समजावले. प्रोसेसरवरून तांब्याच्या चपट्या नळ्या निघतात. त्यांत किंचित पाणी असते आणि हवा काढून घेतलेली असते, त्यामुळे ते कमी तापमानालाच उकळते. वाफ थंड टोकाकडे जाते, तिथे पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून माघारी येते. थंड टोकाशी धातूची पातळ पाती असतात, त्यांतून पंखा उष्णता बाहेर फेकतो. माझ्या यंत्रात त्या पात्यांवर करड्या लवेचा चक्क नमदा बसला होता. गोधडीचीच लव ती. प्रोसेसर आणि तांबे यांच्या मधला लेपही वाळून खपली झाला होता.

"शंभर अंशांच्या आसपास गेला की हा आपला वेग आपणच कमी करतो, सर. तरी नाही भागलं तर बंद पडतो. बिघाड नाही हा. जीव वाचवतो तो स्वतःचा."

त्याने ब्रशने पाती साफ केली, जुना लेप अल्कोहोलने पुसून नवा लावला आणि प्रोसेसरच्या वेगाची कमाल मर्यादा ९९ टक्क्यांवर आणली. त्या एका टक्क्याने यंत्र जादा वेगाचा हव्यास सोडते म्हणे. निघताना तो हसून म्हणाला, "गिरणीचं पीठ गरम येतं, जात्याचं येत नाही. तसंच आहे हे."

त्या संध्याकाळी तापमान ८०च्या घरात होते. उरलेले काम लावण्यापूर्वी झालेले काम ऐकावे म्हणून मी कानाला हेडफोन लावले. चौदापैकी पाच कॅसेटी 'स्वच्छ' झाल्या होत्या. आजीचा आवाज लख्ख होता, कालच बोलल्यासारखा. पण काहीतरी चुकत होते. दोन ओळींच्या मध्ये ती थांबे तिथे अगदी निर्वात शांतता होती. ती का थांबली, हे कळत नव्हते. मग न झालेली सहावी कॅसेट लावली. घरघर सुरू झाली, आणि त्या घरघरीतच आजी सापडली. ती थांबत नव्हतीच. घास टाकत होती, हात बदलत होती, जाते तिची ओळ पुढे नेत होते. यंत्राने जात्यालाच गोंगाट ठरवून पुसून टाकले होते.

खरी भीती पुढचीच. डिस्कवरची जागा संपत आली होती आणि सगळ्या चौदा कॅसेटी झाल्या की मूळ फाइली काढून टाकायच्या, असे मी ठरवले होते. लॅपटॉप थंड राहिला असता तर ते केव्हाच झाले असते.

रॉल्फ लँडॉर या भौतिकशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडलेला एक सिद्धान्त आहे: माहितीचा एक कण पुसला की निदान काही एक ठरलेली उष्णता बाहेर पडतेच. माझ्या लॅपटॉपची उष्णता त्या किमान मापाच्या कितीतरी पट, तिची कारणे वेगळी आणि बरीचशी त्या गोधडीत होती. तरी 'पुसणे फुकट होत नाही' हे विधान वाङ्मयाच्या अभ्यासकाला परके वाटू नये. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. तो साठा आज 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतो. अशा संकलनांकडे आपण पुष्कळदा शब्दसंहिता म्हणूनच पाहतो. मीही माझ्या प्रकल्पात ओव्यांचे विषयवार वर्गीकरण केले होते. त्यात माहेर होते, भाऊ होता, विठ्ठल होता. जाते कुठेच नव्हते. म्हणजे या आज्ञावलीने आज जे केले ते मी वहीत २००३ सालीच केले होते, आणि मला त्यावर चांगले गुणही मिळाले होते.

आमच्या गावाचे नाव हुतात्मा राजगुरूंच्या स्मरणार्थ राजगुरुनगर झाले, तरी बाजाराला येणारी म्हातारी माणसे अजून 'खेडला आलो' असेच म्हणतात. नव्या नावाचा अभिमान आणि जुन्याची सवय एकाच तोंडात सुखाने नांदतात. एक ठेवण्यासाठी दुसरे पुसावे लागत नाही.

मूळ फाइलींच्या आता तीन प्रती आहेत, तीन वेगळ्या ठिकाणी. लॅपटॉप लाकडी पाटावर असतो आणि गोधडी पुन्हा पलंगावर गेली आहे. उरलेल्या नऊ कॅसेटी मी स्वच्छ केल्या नाहीत. यंत्र थंड असते. त्यातून फक्त जात्याची घरघर येते, आणि स्वयंपाकघरातून आता कुणी काही विचारत नाही.